चावला, पण विष सोडलं नाही

सप्टेंबर संपत आला की वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत शेतं एकाच वेळी माणसांनी भरतात. कमरेत वाकायचं, डाव्या मुठीत झाडांचे बुडखे धरायचे, उजव्या हातातला विळा जमिनीलगत फिरवायचा आणि कापलेलं मागे टाकत पुढे सरकायचं. वाळलं की गोळा करून सुडी लावायची. या सगळ्या कामात हात आणि पाय जमिनीपासून वीतभरही वर नसतात आणि नजर असते विळ्याच्या पात्यावर. दाट पिकात उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे साप असतात. कुणी पेंढी उचलताना, कुणी धुऱ्यावरच्या गवतातून जाताना एकदम ओरडतं आणि शेजारच्या वावरापर्यंत निरोप जातो, "याले पान लागलं!"

साप पाहिलेला असतो. जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके, मोठा फूत्कार. म्हणजे घोणस, जिला विदर्भात परडही म्हणतात. घोट्याजवळ दातांच्या दोन खुणा स्पष्ट दिसतात, त्यांतून रक्ताचा थेंब आलेला असतो. चावणारा साप विषारी होता आणि त्याचे दात लागले, याबद्दल शंका घ्यायला जागा नसते. तरीही तास जातो, दोन तास जातात, रात्र जाते, आणि त्या माणसाला काहीही होत नाही. सूज नाही, रक्तस्राव नाही, लघवीत लाली नाही. दुसऱ्या दिवशी तो उठून चहा मागतो.

यात चमत्कार काही नाही. साप चावला, पण त्याने विष सोडलं नाही, किंवा सोडलेलं विष शरीरात पोहोचलं नाही. वैद्यकात याला कोरडा दंश म्हणतात, आणि तो आपल्याला वाटतो तितका दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियातल्या डॉक्टरांसाठी सर्पदंशाच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली आहे. घोणशीच्या दंशांपैकी सुमारे निम्म्या, नागाच्या दंशांपैकी सुमारे 30 टक्के आणि फुरशाच्या दंशांपैकी 5 ते 10 टक्के दंशांत विषबाधा होत नाही, असं तिच्यात नमूद आहे. प्रदेश, ऋतू आणि सापाची जात बदलली की हे आकडे बरेच खालीवर होतात. पण ज्या घोणशीचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो, तिचे कितीतरी दंश कोरडे जातात, हे सत्य उरतंच.

या सत्याने जीव वाचवलेले आहेत आणि घेतलेलेही आहेत. वाचवलेले उघड दिसतात. घेतलेले कसे, हे समजण्यासाठी आधी सापाच्या तोंडात डोकवायला हवं.

विषग्रंथी म्हणजे मुळात लाळग्रंथीच, उत्क्रांतीच्या ओघात बदललेली. ती डोळ्याच्या मागे, वरच्या जबड्याच्या बाजूला असते. तिच्यावर एक स्नायू ताणलेला असतो. तो आकुंचन पावला की ग्रंथी दाबली जाते, विष नळीतून पुढे येतं आणि इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ दातातून बाहेर पडतं. घोणशीचे दात लांब असतात, दीड सेंटिमीटरच्या आसपास. तोंड मिटलेलं असताना ते आत दुमडलेले असतात आणि झडप घालताना पुढे उभे राहतात. नाग आणि मण्यार यांचे दात आखूड आणि जागच्या जागी पक्के असतात. दातावर त्वचेची एक म्यान असते. दात मांसात घुसताना ही म्यान मागे सरकते, तेव्हाच नळीतलं विष दाताच्या पोकळीत जायला वाट मोकळी होते. म्हणजे चावणं ही एक क्रिया आणि विष सोडणं ही दुसरी. दोन्ही निमिषार्धात आणि बरोबर जुळून व्हाव्या लागतात. या जुळणीत कुठेही चूक झाली की दंश कोरडा जातो.

चूक होण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पाय झटकला गेला आणि दात नीट रुतायच्या आतच निसटले. एकच दात लागला. दात तिरका लागून कातडी नुसती खरचटली. सापाचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, त्यामुळे कधी जुना दात मोडलेला असतो आणि नवा अजून पुरता बसलेला नसतो. कधी विष बाहेर आलं, पण ते पँटच्या कापडात किंवा बुटाच्या रबरात जिरलं. नाग तर पुष्कळदा तोंड न उघडताच फणा आपटतो. तो नुसता धाक असतो. पण अंधारात त्या धडकेने घाबरलेला माणूस शपथेवर सांगतो की नाग चावला.

यापलीकडे एक अवघड प्रश्न आहे. साप जाणूनबुजून विष राखून ठेवतो का? यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. अमेरिकेतले विल्यम हेज आणि त्यांचे सहकारी म्हणतात की किती विष सोडायचं ते साप ठरवतो. भक्ष्य मारताना एक माप आणि स्वतःला वाचवताना वेगळं. ब्रूस यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली या मताला जोरदार हरकत घेतली. त्यांच्या मते हा दाबाचा खेळ आहे. म्यान किती सरकली, दात कशात रुतला, तिथल्या ऊतींनी किती विरोध केला, यावर आत जाणारं विष ठरतं. सापाच्या मनात शिरायची गरज नाही. मला या दोन मतांत एकाने दुसऱ्याला खोडून काढावं असं काही दिसत नाही. साप मेंदूने स्नायू आवळतो, हे खरं, आणि आवळल्यावर पुढे काय होईल ते त्याच्या हातात नसतं, हेही खरं. एवढं मात्र नक्की की विष सापाला फुकट मिळत नाही. अमेरिकेतल्या विषारी सापांचं विष काढून घेतल्यावर पुढच्या तीन दिवसांत त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च 11 टक्क्यांनी वाढला, असं 2006 साली मोजलं गेलं. ग्रंथी पुन्हा भरायला खर्च येतो. माणूस हे काही सापाचं अन्न नाही. त्याच्यावर विष खर्चून सापाच्या पोटात काहीच पडत नाही.

दंश अगदी कोरडाच जातो असंही नाही. पूर्ण कोरडा आणि पूर्ण विषारी यांच्या मध्ये मोठा पट्टा आहे. म्यानमारमध्ये 1986 साली एका दंशात घोणस किती विष टोचते याची मोजणी झाली, तेव्हा सरासरी 63 मिलिग्रॅम आली. पण सर्वांत कमी 5 मिलिग्रॅम आणि सर्वांत जास्त 147. एकाच जातीच्या सापांत जवळजवळ तिसपट फरक. म्हणून "माझ्या भावालाही परडच चावली होती, त्याला काही झालं नाही" हे वाक्य कितीही खरं असलं, तरी ते दुसऱ्या दंशाबद्दल काहीच सांगत नाही.

कापडाची गोष्ट मी मुद्दाम दोन ओळी जास्त लिहितो, कारण ती शेतकऱ्याच्या हातातली आहे. 2009 साली कॅलिफोर्नियात हेज आणि हर्बर्ट यांनी पाणी भरलेले हातमोजे सापांपुढे धरले. काही मोजे उघडे, काहींवर जीन्सचं कापड. जीन्स चढवलेल्या मोज्यांत साठ टक्क्यांहून अधिक विष कमी गेलं. तिथे वापरलेले साप आपल्याकडचे नव्हते, पण घोणस त्यांच्याच कुळातली आहे. वाशीमच्या उकाड्यात सोंगणीला जीन्स घाला असं सांगणं अवघड आहे, हे मला कळतं. पण रात्री हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला जाताना, जेव्हा वीजच रात्रीची मिळते तेव्हा, पायात गमबूट आणि अंगात पायघोळ जाड पँट असली तर होणाऱ्या दंशांपैकी बरेच कोरडे होतील आणि काही होणारच नाहीत.

आता जीव घेण्याकडे येऊ.

विदर्भात, मराठवाड्यात पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन बसवण्याची रीत जुनी आहे. कुठे मांत्रिक येतो, कुठे एखाद्या ठाण्याचा अंगारा लावतात, कुठे कडुनिंबाचा पाला चावायला देतात. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही. रात्रभर भजन होतं, पहाटे माणूस बरा असतो, नारळ फुटतो. हे सारं लबाडीच असतं असं मी मानत नाही. बरेच मांत्रिक पैसा घेत नाहीत आणि मनोभावे मंत्र म्हणतात. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही, हिशेबाचा आहे. समजण्यापुरते आकडे धरू. पारावर शंभर माणसं आली. त्यांतल्या सत्तर जणांना धामण, दिवड, कवड्या, तस्कर असले बिनविषारी साप चावलेले आहेत. उरलेल्या तिसांपैकी दहा जणांचे दंश कोरडे आहेत. म्हणजे काहीही न करता ऐंशी माणसं ठणठणीत घरी जाणार. उरलेल्या वीसांत काहींना विष थोडं लागलेलं असेल, तेही निभावतील. मंत्राचं यश शंभरात ऐंशीच्या वर! जे मेले त्यांना "उशिरा आणलं", "विटाळ झाला", "साप देवाचा नव्हता" अशी कारणं तयार असतात. घोणस ओळखली, दात दिसले आणि तरी माणूस वाचला, हा प्रसंग गावाच्या डोळ्यांसमोर घडलेला असतो. तो खोटा नसतो. म्हणूनच त्याच्यापुढे पुस्तकी उपदेश टिकत नाही. गावकऱ्यांना "मंत्र खोटा" एवढं सांगून भागत नाही. मंत्राशिवायही तो माणूस वाचणारच होता, हे सांगावं लागतं, आणि त्यासाठी कोरडा दंश समजावून द्यावा लागतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याचा शब्द नेमका आहे. श्रद्धा ठेवणं गुन्हा नाही, रोखणं गुन्हा आहे. दवाखान्यात निघालेल्या गाडीच्या काचेला अंगारा लावला तर कुणी अडवणार नाही. गाडी थांबवली तर मात्र तो गुन्हा आहे.

पारावर वेळ गेला की ज्यांना खरोखर विष लागलेलं असतं ते मरतात. पण ज्यांचा दंश कोरडा होता त्यांचेही हाल कमी होत नाहीत, हे फारसं कुणी बोलत नाही. चावा घेतल्या घेतल्या पायाला दोरी, चिंधी, कधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा करकचून बांधतात. अर्ध्या तासात पाय सुजतो, निळा पडतो, ठणकतो. सगळे म्हणतात, बघा, विष चढतंय. ती सूज दोरीची असते, विषाची नसते. कुणी ब्लेडने चिरा देतं आणि न थांबणारं रक्त पाहून घाबरतं. कुणी जखम चोखतं, कुणी पाला वाटून बांधतं आणि पुढच्या आठवड्यात त्यात पू होतो. भीतीही शरीरात बरंच काही घडवते. माणूस जोरजोरात श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, चक्कर येते. पाहणाऱ्याला ही लक्षणं विषाचीच वाटतात. कोरडा दंश झालेला माणूस दवाखान्यात पोहोचतो तेव्हा कधी कधी इतका आजारी दिसतो की डॉक्टरलाही क्षणभर ओळखू येत नाही, काय सापाचं आणि काय माणसांचं.

याच्या अगदी उलट फसवणूक मण्यार करते. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. दात इतके लहान की खूण दिसत नाही, सूज नाही, वेदना जवळजवळ नाही. कुणाला जाग येत नाही, कुणाला डास चावल्यासारखं वाटतं आणि तो कूस बदलतो. पहाटे पोटात दुखू लागतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. महाडला राहून आयुष्यभर विंचूदंश आणि सर्पदंशावर काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी नाग आणि मण्यार यांच्या दंशाबद्दल शास्त्रीय नियतकालिकांत सविस्तर लिहिलं आहे. खेडेगावच्या दवाखान्यात हे रुग्ण कसे येतात आणि त्यांना कसं वाचवायचं, याचं ते चित्र आहे. मण्यारीच्या दंशाचे पहिले काही तास हुबेहूब कोरड्या दंशासारखे असतात. खूण नाही, त्रास नाही, म्हणून घरचे म्हणतात, "काही नाही, झोप." ही झोप कित्येकांची शेवटची ठरलेली आहे.

दंश झाला त्या जागी बसून, खुणा पाहून, पाला चाखून किंवा अनुभवी म्हाताऱ्याला विचारून दंश कोरडा आहे हे कुणालाही ठरवता येत नाही. सर्पमित्रालाही नाही, डॉक्टरलाही नाही. दोन दात स्पष्ट दिसले तरी दंश कोरडा असू शकतो, आणि एकही खूण नसताना प्राणघातक असू शकतो. कोरडा दंश मागे वळून पाहिल्यावरच कळतो. चोवीस तास गेले आणि काही झालं नाही, म्हणजे तो कोरडा होता. हे चोवीस तास पारावर काढायचे की दवाखान्यात, एवढाच खरा निर्णय असतो.

दवाखान्यात या चोवीस तासांत काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण बरेच नातेवाईक तिथे चिडतात. "साप चावलाय, आणि डॉक्टर नुसते बसलेत, इंजेक्शन देईनात!" डॉक्टर बसलेले नसतात. पहिल्या काही मिनिटांत ते रुग्णाच्या नसेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त काढतात आणि काचेच्या कोरड्या परीक्षानळीत घालून ती उभी ठेवतात. कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. बरोबर वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करतात. रक्ताची गुठळी जागेवर चिकटून राहिली तर रक्त गोठतंय. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीच्या किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपवलेले आहेत. एवढी साधी, जवळजवळ बिनखर्चाची चाचणी, पण नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. नळी साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली असली तरी तेच. अशा नळीने कोरडा दंश विषारी ठरतो, आणि ज्याला गरज नाही त्याला प्रतिविष चढतं. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळ्यांचा एक खोका असणं ही मला सर्पदंशाच्या तयारीची पहिली खूण वाटते. पहिली चाचणी चांगली आली तरी ती ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा करतात, कारण विषाचा परिणाम उशिराही दिसू शकतो.

त्याच वेळी परिचारिका रुग्णाला छताकडे बघत राहायला सांगते. पापण्या हळूहळू खाली येतात का? एका श्वासात किती आकडे मोजता येतात? मान उशीवरून उचलता येते का? ही नाग आणि मण्यारीच्या विषाची तपासणी. पायावर पेनने सूज कुठवर आहे याची रेघ ओढून वेळ लिहितात. दर थोड्या वेळाने रेघेपुढे सूज गेली का ते बघतात. बांधलेली दोरी असली तर ती एकदम न सोडता, सगळी तयारी ठेवून सोडतात. धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा रक्त गोठतंय याची खात्री झाल्यावर देतात, कारण न गोठणाऱ्या रक्ताच्या माणसाच्या स्नायूत सुई टोचली तर तिथे रक्त साचतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही.

यांपैकी विषबाधेचं एकही चिन्ह दिसलं नाही तर प्रतिविष द्यायचं नाही. हा नियम नातेवाइकांना निष्ठुर वाटतो, पण त्यामागे कारण आहे. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालतं. ते घोड्यांना थोडं थोडं विष टोचून, त्यांच्या रक्तातून तयार करतात. मुंबईचं हाफकिन हे या कामातलं महाराष्ट्राचं जुनं नाव आहे. घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीराला परकी असतात. प्रतिविष चढवल्यावर पहिल्या काही तासांतच कुणाला अंगावर गांधी उठतात, कुणाचा रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत लगेच अॅड्रेनलिन द्यावं लागतं. आठवड्याभराने ताप आणि सांधेदुखी घेऊनही काही जण परत येतात. ज्याच्या अंगात विष गेलेलं आहे त्याच्यासाठी हा धोका पत्करणं शंभर टक्के योग्य आहे. एक मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. म्हणजे दहा मिलिलिटरच्या दहा कुप्यांनी 60 मिलिग्रॅम, साधारण एका सरासरी दंशाएवढं. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी करतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप माणूस लहान आहे म्हणून विष कमी सोडत नाही. पण ज्याच्या अंगात विषच नाही त्याला या दहा कुप्या दिल्या तर त्याच्या वाट्याला फक्त धोका येतो. आणि त्या रात्री दुसऱ्या गावाहून खरा रुग्ण आला तर कपाट रिकामं असतं.

कोरडा दंश झालेला माणूस अशा रीतीने डॉक्टरच्या संयमाची कसोटी घेतो. दाराबाहेर पन्नास माणसं, आत रडणारी आई, आणि समोर स्वस्थ दिसणारा रुग्ण. अशा वेळी प्रतिविष देऊन मोकळं होणं सोपं असतं. न देता, दर तासाला उठून पापण्या बघत, नळ्या तिरक्या करत चोवीस तास जागं राहणं अवघड असतं. हे करणाऱ्या ग्रामीण डॉक्टरांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, आणि ते मला खटकतं.

वाशीम 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. पुढची कित्येक वर्षं गंभीर रुग्णासाठी अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हाच मोठा आधार होता. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, आणि कृत्रिम श्वास लागणाऱ्या मण्यारीच्या रुग्णाला तो फार लांब पडतो. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशीमही होतं. जिल्ह्याला श्वासयंत्र चालवणारे हात जवळ मिळावेत, ही अपेक्षा आता रास्त आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून धावते. ती येईपर्यंत करायचं एवढंच. माणसाला आडवं ठेवायचं, चालू द्यायचं नाही, चावलेला हात किंवा पाय काठीचा आधार देऊन स्थिर करायचा, अंगठ्या, जोडवी, वाळे, दोरे काढून टाकायचे आणि चावल्याची वेळ कागदावर लिहायची. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं, आणि तसा दंश कोरडा जाईलच असं नाही.

एक गैरसमज सर्पमित्रांतही पसरलेला दिसतो. एकदा कोरडा दंश झालेल्याला वाटतं, आपल्याला विष बाधत नाही, अंगात ताकद आली. कोरड्या दंशात विषच आत गेलेलं नसतं, तर प्रतिकारशक्ती कशाच्या जोरावर येणार? पुढचा दंश त्याच्यासाठीही पहिल्याइतकाच अनोळखी असतो. घोणस पकडणारे काही हात याच भरवशावर ढिले पडलेले आहेत.

शेवटी मोजणीचा मुद्दा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. हा मृत्यूंचा आकडा घरोघरी जाऊन, कुटुंबीयांना विचारून मिळवावा लागला, कारण बरीच माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. मेलेल्यांचीच नोंद इतकी अपुरी, तर जे चावूनही ठणठणीत राहिले त्यांची कोण ठेवणार? पारावरून घरी गेलेला माणूस कुठल्याच वहीत नसतो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवावा असं सुचवलं. त्यात संशयित दंशही कळवायचे आहेत, केवळ मृत्यू नाहीत. हे मनापासून झालं तर ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिल्या जाणाऱ्या "चोवीस तास निरीक्षण, विषबाधा नाही, सुट्टी" या ओळीही मोजल्या जातील. मानोऱ्याच्या आणि रिसोडच्या शेतांत दर सोंगणीला किती दंश कोरडे जातात, कोणत्या सापाचे, कोणत्या महिन्यात, उघड्या पायांवर किती आणि बुटांवर किती, हे तेव्हा वाशीमच्या डॉक्टरांना म्यानमारच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या आकड्यांवरून अंदाज न बांधता आपल्याच जिल्ह्याच्या नोंदींवरून सांगता येईल.